गाणी बदलण्याआधी कमी करा

प्रश्न : धायरीजवळ आमच्या संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. ट्रान्समीटर 50 वॉटचा, दिवसाला 12 तास प्रसारण, त्यातले 6 तास गाणी. चार वर्षं झाली, पण ऐकतंय कोण तेच कळत नाही. फोन येतात ते आठ-दहा ठरलेल्या माणसांचे. विश्वस्तांच्या दर बैठकीत गाण्यांवरून वाद होतो. एक काका म्हणतात, फक्त भावगीतं आणि अभंग लावा. दुसरे म्हणतात, मोठी एफएम केंद्रं लावतात ती नवी हिंदी गाणी लावा. स्वयंसेवक मुलांना मराठी रॅप हवं. सध्या आम्ही सगळ्यांचं थोडं थोडं लावतो. हार्ड डिस्कवर चार हजार गाणी आहेत. फॉरमॅट, म्हणजे केंद्राच्या गाण्यांचा ठरलेला बाज, नक्की कोणता ठरवावा?
– एक प्रसारण समन्वयक, पुणे

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. चार हजार गाणी! तुम्ही ते अभिमानानं लिहिलंय आणि मला दुखणं तिथेच दिसतंय.

जरा हिशोब करू. बोलणं, जाहिराती, वेळ सांगणं धरून तासाला 9 गाणी बसतात. सहा तासांची झाली 54. चार हजार गाणी या वेगानं एकदा फिरायला 74 दिवस लागतात. म्हणजे आज सकाळी भाजी निवडताना एखाद्या ताईंना तुमच्याकडचं गाणं आवडलं, तर ते तुमच्याकडे पुन्हा लागेपर्यंत अडीच महिने गेले. तोवर त्या मोबाइलवर वळलेल्या असतात. शिवाय त्यांनी दहा वाजता लावलं तेव्हा अभंग होता, साडेदहाला लावलं तेव्हा रॅप. तिसऱ्यांदा बटण फिरवण्याआधी माणूस मनाशी विचारतो, तिथे काय असतं? तुमच्या केंद्राबद्दल याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, बहुधा तुम्हालाही नाही.

अमेरिकेत ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झ नावाच्या माणसानं वडिलांच्या साथीनं 1949 साली एक पडेल केंद्र विकत घेतलं. रेडिओवाले त्याची एक गोष्ट एकमेकांना सांगत आलेत. हॉटेलात ज्यूकबॉक्स असे, नाणं टाकून गाणं निवडायचं. गिऱ्हाइकं दिवसभर तीच ती गाणी लावत. रात्री सगळे गेल्यावर, दिवसभर ती ऐकून कान किटायला हवेत अशी वेट्रेस स्वतःच्या कमाईतलं नाणं काढून यंत्रापाशी गेली आणि तिनं पुन्हा तेच गाणं लावलं. स्टॉर्झनं यादी आखूड केली. मोजकी लोकप्रिय गाणीच पुन्हा पुन्हा वाजवायची, याला ‘टॉप फॉर्टी’ म्हणतात. त्या पद्धतीचा तो एक जनक. मी 22 वर्षं रेडिओत काढली, सुरुवात शिवाजीनगरला आकाशवाणीत कॅज्युअल निवेदिका म्हणून. गाण्यांचं कपाट जितकं मोठं तितकं केंद्र मोठं, असं तेव्हा मीही समजत असे.

पण गाण्यांना हात लावण्याआधी एक काम. रविवारी रिक्षा करा आणि साधा रेडिओ घेऊन धायरी फाटा, नऱ्हे, वडगाव, नांदेड फाटा असे फिरा. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. टेकडी आली, दहा मजली इमारत आली की पलीकडे सावली पडते. 30 मीटरपेक्षा उंच अँटेना तुम्हाला लावता येत नाही, आणि तुमच्या भागात चार वर्षांत किती टॉवर उभे राहिले ते मी सांगायला नको. खरखर कुठे सुरू होते ते नकाशावर लिहा. ऐकूच येत नसेल तर अभंग आणि रॅप दोन्ही सारखेच. परत आल्यावर 1960 च्या गाण्याला लागून परवाचं गाणं लावा. आवाज एकदम अंगावर येतो ना? जुन्या आणि नव्या ध्वनिमुद्रणांच्या पातळीत फार फरक असतो. तो सारखा करून घ्या. गाणं न आवडून रेडिओ बंद करणारे असतात, तसे दचकून बंद करणारेही असतात.

आता तुमचे तीन पक्ष. मुलांचं रॅप मला मनापासून आवडतं, पण ते ऐकणारी पोरं तुम्हाला सापडणार कुठे? फोनवर एफएम लागतो तो इयरफोनची वायर अँटेनाचं काम करते म्हणून. ही मंडळी कानात बिनवायरचे बोळे घालतात. त्यांच्यापर्यंत तुमचा 50 वॉट पोचतच नाही. नवी हिंदी गाणी 91.1 पासून 98.3 पर्यंत काटा फिरवला की हवी तितकी मिळतात, तीही तुमच्याहून कितीतरी जोरकस ट्रान्समीटरवरून. चितळ्यांच्या शेजारी बाकरवडीचं दुकान टाकायला हरकत नाही, पण मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून रडायचं नाही.

राहिले भावगीतवाले काका. इथे माझीच एक फजिती सांगते. एका छोट्या शहरातलं खासगी केंद्र चालत नव्हतं आणि संगीताची जबाबदारी माझ्यावर आली. मी मोठ्या हुशारीनं छापील फॉर्म वाटले : तुम्हाला कोणतं संगीत आवडतं? लोकांनी खुणा केल्या नाट्यसंगीतावर, भावगीतांवर, शास्त्रीयवर. मी खूश! तीन आठवड्यांत सगळं तसं बसवलं. चौथ्या महिन्यात जाहिरात विभागातला मुलगा मला स्कूटरवर बसवून बाजारपेठेत घेऊन गेला, बोलला काहीच नाही. ज्या दुकानांतून ते फॉर्म भरून आले होते तिथे दुसरंच केंद्र लागलेलं, आणि त्यावर आशाबाईंचं एक जुनं झणझणीत गाणं. कागदावर माणूस आपण कसं दिसावं ते लिहितो. काट्याचं बटण फिरवताना त्याला कुणी बघत नसतं.

तेव्हापासून मी विचारणं सोडलं आणि मोजायला लागले. तुम्हीही तेच करा. सकाळी 11 ला आणि दुपारी 4 ला निघा. गॅरेज, टपरी, शिलाईचं दुकान, रिक्षा स्टँड, अशा पन्नास जागा. वहीत एवढंच लिहायचं : काही वाजतंय का, कशावर वाजतंय, काय वाजतंय. कुणाला एक शब्द विचारायचा नाही. दुसऱ्या फेरीत गाण्यांचे आठ-आठ सेकंदांचे तुकडे घेऊन जा, मुखडा ओळखू येईल एवढेच. ऐकवायचे आणि तीनच उत्तरं मागायची : लाव, चालेल, बंद कर. यातलं ‘बंद कर’ सगळ्यात मोलाचं. दहातल्या पाच जणांना जीव की प्राण आणि चौघांना नकोसं, असं गाणं माझ्या यादीत येत नाही.

मी तुमच्या भागात राहत नाही, त्यामुळे मोजणीआधी बोलणं आगाऊपणाचं आहे. तरी बोलते. नऱ्हे-धायरीत लेथ, फॅब्रिकेशन, पावडर कोटिंगची लहान लहान वर्कशॉप आहेत. तिथे फळीवर धूळ खात एकच रेडिओ किंवा स्पीकर असतो, तो शटर उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत चालू आणि ऐकणारे सात-आठ जण. कुणी सोलापूरचा, कुणी बीडचा, कुणी लातूरचा. घरून निघताना एखाद्यानं दोन गाणी ऐकणं निराळं आणि हे निराळं. या लोकांना ठेका हवा, शब्द कळायला हवेत आणि गाव आठवायला हवं. लोकगीतं, लावणी, प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातली भक्तिगीतं, नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी. आणि भीमगीतं, तीसुद्धा वर्षभर. बहुतेक केंद्रांना ती 14 एप्रिललाच आठवतात. ऐकणाऱ्याच्या घरी ती बारा महिने वाजत असतात. शहरभर पसरलेल्या केंद्राला इतकं एका बाजूला झुकता येत नाही. पाच-दहा किलोमीटरच्या केंद्राला येतं, म्हणून तुमचं लहानपण तुमच्या कामाचं.

यादी कशी बांधायची ते नीट लिहिते, कारण घोडं नेमकं इथेच अडतं. चार हजारांतून 250 निवडा. त्यांचे तीन गट करा. ‘लाव’वर सर्वांत जास्त मतं मिळालेली 20, तासाला त्यातली 3. दुसरी 100, तासाला 4. बाकीची 130, तासाला 2. झाली नऊ. पहिल्या गटाची फेरी 6 तास 40 मिनिटांत पुरी होते आणि तुमचा गाण्यांचा दिवस 6 तासांचा. त्यामुळे आज दहाला लागलेलं गाणं उद्या दहा-चाळीसला येतं, परवा अकरा-वीसला. तुम्ही नीटनेटकेपणानं 20 ऐवजी 18 घेतली असती तर तेच गाणं रोज त्याच मिनिटाला आलं असतं, आणि वर्कशॉपमधल्या पोरांनी आठवड्यात रेडिओवर पाना फेकून मारला असता. आकडा भागाकारात पुरा जाणार नाही असा घ्यायचा, हे मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं चहाच्या पावतीच्या मागे लिहून शिकवलं होतं. दुसऱ्या गटातलं गाणं चार दिवसांनी येईल, तिसऱ्यातलं साधारण अकरा दिवसांनी. दिवसभर ऐकणाऱ्याच्या कानावर लाडकं गाणं दिवसातून एकदाच पडेल, तेवढं त्याला सोसतं. दर महिन्याला पहिल्या गटातली पाच-सहा खाली उतरवा, खालची वर घ्या. संगणकावर हे आपोआप करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण पहिले दोन महिने वहीत करा. वहीत केलं की कोणतं गाणं कुणाच्या शेजारी बसत नाही ते हाताला कळतं.

या 250 मध्ये तीसेक तरी तुमच्याच भागातली असू द्या : भजनी मंडळ, शाहीर, शाळेतली मुलगी. तुमच्या परवान्याप्रमाणे निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून यायलाच हवा, आणि तयार गाण्यांना रॉयल्टी लागते ती वेगळी. मात्र ध्वनिमुद्रण चांगलं करा. ‘आपल्यातलाच आहे, चालवून घेऊ’ या मायेनं फार केंद्रं मारली आहेत.

काकांना भावगीतं द्या, रात्री साडेआठनंतर. वर्कशॉपचं शटर तेव्हा खाली आलेलं असतं. मुलांना रविवारचा एक तास द्या आणि तो फोनवर ऐकता येईल असा इंटरनेटवरही टाका. पण सोमवार ते शनिवार दिवसाच्या यादीत कुणाचाही शब्द चालू देऊ नका, अध्यक्षांच्या सूनबाईंचा वाढदिवस असला तरी.

बदल कधी करायचा? अमेरिकेत फॉरमॅट बदलताना काही केंद्रं एकच गाणं दिवस-दोन दिवस सलग वाजवतात, लोकांनी चर्चा करावी म्हणून. आपल्याकडे तसं केलंत तर लोक म्हणतील मशिन अडकलंय. गणपती, पालखी आणि दिवाळी सोडून एखादा साधा सोमवार निवडा, निवेदकाला रोज सकाळी आज काय मिळेल ते एका वाक्यात सांगायला लावा, आणि सहा महिने यादीचा स्वभाव बदलू नका. त्यानंतर तीच वही घेऊन त्याच पन्नास जागी जा.

प्रश्न : सगळी केंद्रं तीच ती चाळीस गाणी वाजवतात. पूर्वी रेडिओवर दर्जा होता. नाट्यसंगीत लावायची हिंमत आता कुणात नाही का?
– वय 71, कोथरूड

काका, दर्जा राखण्याची हिंमत एकदा सरकारनंही करून पाहिली. 1952 मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला भरपूर वेळ मिळाला, ते चांगलंच झालं. पण श्रोत्यांनी काटा फिरवून श्रीलंकेहून हिंदी चित्रपटगीतं वाजवणारं रेडिओ सिलोन लावलं आणि ते तिथेच रमले. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीला चित्रपटगीतं वाजवणारी विविध भारती सुरू करावी लागली. तुम्हीसुद्धा लहानपणी सिलोन ऐकलं असणार असा माझा संशय आहे, किमान घरच्या मोठ्यांबरोबर.

आणि तीच ती गाणी म्हणाल, तर 1955 मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण लागायचं तेव्हा दर आठवड्याचं गाणं शुक्रवारी सकाळी आणि पुन्हा शनिवार-रविवारी वाजत असे. घराघरांत ते पाठ झालं ते उगीच नाही.

नाट्यसंगीत हवंच असेल तर केंद्राला पोस्टकार्ड टाका. त्यात पदाचं नाव नको आणि आजच्या पिढीबद्दलचं मत तर नकोच. एवढंच लिहा : मी रोज रात्री 9 वाजता रेडिओ लावतो, कोथरूडमध्ये, आणि अर्धा तास ऐकतो. संगीताची यादी करणाऱ्याकडे नेमकी हीच माहिती नसते.