मिहायलोविच प्रशिक्षक म्हणून खरंच अपयशी होता का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आपल्या भारतीय फुटबॉल संघाचे 2019 ते 2024 या काळातले प्रशिक्षक इगोर श्टिमॅक यांचं ज्याच्याशी जुनं वैर होतं, तो सिनिशा मिहायलोविच कोण? आणि एवढा मोठा खेळाडू प्रशिक्षक म्हणून अपयशी का ठरला? पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्यातला 'अपयशी' हा शब्दच मला पटत नाही, त्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहितो.

सिनिशाचा जन्म 20 फेब्रुवारी 1969 चा, वुकोवारचा. शेजारच्या बोरोवोत तो वाढला. वडील सर्ब, आई क्रोएट. आज हा मुलूख क्रोएशियात आहे, तेव्हा सगळं युगोस्लाव्हियाच होतं. 2 मे 1991 ला तिथल्या बोरोवो सेलो गावात 12 क्रोएशियन पोलीस मारले गेले आणि अवघ्या सहा दिवसांनी बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना होता. एकीकडे बेलग्रेडचा रेड स्टार, दुसरीकडे क्रोएशियातला हायदुक स्प्लिट. एकीकडे मिहायलोविच, दुसरीकडे श्टिमॅक. दोघांची जुंपली आणि दोघांनाही लाल कार्ड मिळालं. श्टिमॅक माझ्या घरच्यांच्या जिवावर उठणारं बोलला, असं मिहायलोविच पुढे कित्येक वर्षं सांगत होता. त्याच्या आईवडिलांचं घर त्या युद्धात खरोखरच उद्ध्वस्त झालं. म्हणून याला मी दोन खेळाडूंची चकमक म्हणणार नाही, एक देश मोडताना मैदानात दिसला तो.

त्याच महिन्यात, 29 मे ला, बारीमध्ये रेड स्टारने मार्सेला पेनल्टींवर हरवून युरोपियन चषक जिंकला. चौथी पेनल्टी मिहायलोविचने मारली. पण मला त्या फायनलपेक्षा बायर्न म्युनिकविरुद्धची उपांत्य फेरी जास्त प्रिय आहे. पहिला गोल त्याच्या फ्री किकचा आणि शेवटच्या मिनिटाला त्यानेच डावीकडून मारलेला चेंडू बायर्नच्या आउगेनटालरला लागून गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात! शक्य असेल तर हा सामना जरूर बघा.

आता त्याच्या कारकिर्दीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हा माणूस मैदानात सतत मागे मागे सरकत गेला. रेड स्टारमध्ये डाव्या बाजूचा मिडफिल्डर. 1992 ला इटलीतल्या रोमा क्लबात आला तेव्हा तिथले प्रशिक्षक वुयादिन बोश्कोव्हने (तोही सर्ब, तोही आधी खेळाडू आणि मग प्रशिक्षक झालेला) त्याला डावा बचावपटू केलं. पुढे साम्पदोरिया क्लबात प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सनने आणखी मागे, मध्यभागी आणलं. वेगाने तो फारसा पळणारा नव्हताच. मागून अख्खं मैदान समोर दिसायला लागलं आणि त्या डाव्या पायाने चाळीस-पन्नास मीटरचे पास सुटू लागले. प्रशिक्षक तिथे घडला, असं माझं मत आहे.

फ्री किकबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांनाच माहीत असतं. सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या विभागात, थेट फ्री किकवर 28 गोल, हा विक्रम. 13 डिसेंबर 1998 ला लाझिओकडून आपल्याच जुन्या साम्पदोरियाविरुद्ध एका सामन्यात तीन. त्याच वर्षीच्या विश्वचषकात इराणविरुद्धचा एकमेव गोलही फ्री किकवरच. तो सामना आम्ही कोल्हापुरात तालमीतल्या टीव्हीवर पाहिला होता. दुसऱ्या दिवशी मैदानात प्रत्येक डावखुऱ्या पोराला फ्री किकच मारायची होती.

त्याचे डाग झाकून चालणार नाही. 2000 मध्ये आर्सेनलच्या पॅट्रिक व्हिएराला वर्णद्वेषी शिव्या दिल्या आणि मग मैदानावर जाहीर माफी मागितली. 2003 मध्ये चेल्सीच्या मुटूवर थुंकल्याबद्दल युरोपीय स्पर्धांत आठ सामन्यांची बंदी. मला तो आवडतो, तरी याचं समर्थन मी करत नाही.

प्रशिक्षक म्हणून त्याने इंटरमध्ये मान्चिनीच्या हाताखाली सुरुवात केली. मग बोलोन्या, कातानिया, फियोरेन्तिना हे इटलीतलेच क्लब. 2012 मध्ये सर्बियाचा संघ हाती आल्यावर राष्ट्रगीत न गायल्याबद्दल आदेम ल्याइच या खेळाडूला संघातून काढलं. माझ्या मते ती चूकच होती. पात्रता गटात क्रोएशिया होता आणि त्यांचे प्रशिक्षक होते श्टिमॅक! दोन्ही सामन्यांना पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. झाग्रेबला क्रोएशिया 2-0 ने जिंकला, बेलग्रेडला 1-1. सर्बियाला 2014 चा विश्वचषक गाठता आला नाही.

मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याच्या नावावर एकही मोठा करंडक नाही, हे खरं. पण पुढे मिलानचा प्रशिक्षक असताना 25 ऑक्टोबर 2015 ला गोलमध्ये अनुभवी दिएगो लोपेझला बसवून 16 वर्षांच्या दोन्नारुम्माला कोणी उभं केलं? त्याची स्वतःची खुर्ची तेव्हा डळमळीत होती. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक जुन्यालाच धरून बसतात. पुढच्या एप्रिलमध्ये मिलानने त्याला काढलंच. दोन्नारुम्मा मात्र पुढे इटलीचा युरो विजेता गोलरक्षक झाला.

आणि मग बोलोन्या. जानेवारी 2019 मध्ये संघ खालच्या विभागात घसरण्याच्या जागेवर असताना तो परत आला आणि मोसमअखेर दहाव्या स्थानावर नेऊन ठेवलं. जुलैमध्ये ल्युकेमिया झाल्याचं त्याने स्वतः जाहीर केलं. 25 ऑगस्टला, मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, वेरोनाच्या मैदानात तो बेंचजवळ उभा होता. डोक्यावर टोपी, मानेला पट्टी, चेहरा उतरलेला. ऑक्टोबरमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. नंतर तीन मोसम त्याने संघ पहिल्या विभागात टिकवला.

2022 च्या मार्चमध्ये आजार उलटण्याची चिन्हं दिसली आणि तो पुन्हा रुग्णालयात गेला. 27 एप्रिलला बोलोन्याने विजेतेपदाच्या शर्यतीतल्या इंटरला 2-1 ने हरवलं. इंटरला ती शर्यत पुढे गमवावी लागली. सामना संपल्यावर बोलोन्याचे खेळाडू थेट रुग्णालयाखाली जाऊन उभे राहिले आणि वर खिडकीत त्यांचा प्रशिक्षक होता. सप्टेंबरमध्ये क्लबने त्याला पदावरून दूर केलं. 16 डिसेंबरला रोममध्ये तो गेला, वयाच्या 53 व्या वर्षी.