बेळगावहून मुलांना घेऊन बेंगळूरच्या लालबागचं पुष्पप्रदर्शन बघायला जाण्यात अर्थ आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत: बॉटनिकल गार्डनचं प्रदर्शन मुलांना दाखवायचंय, आणि एवढ्या लांब जाऊन नुसती गर्दीच बघायला मिळेल अशी भीती आहे. भीती खरी आहे. तरीही जा म्हणेन, फक्त फुलांसाठी जाऊ नका.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत 26 वर्षं विज्ञान शिकवलं. पोरांना घेऊन तीनदा लालबागला गेलोय आणि पहिल्या खेपेला चांगलाच फसलो. प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या आगेमागे. आम्ही नेमके 15 ऑगस्टलाच पोचलो! 1889 मधल्या त्या सुंदर काचघरात फुलांचे मोठमोठे देखावे मांडतात. अडीच तास रांगेत, एकमेकांचे शर्ट धरून, आणि आत जेमतेम पंधरा मिनिटं. मागून ढकलत होते, शिपाई शिट्टी मारत होता. 2025 च्या ऑगस्टला तर देखाव्याचा विषय इंग्रजांशी लढलेले कित्तूर राणी चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा होता. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली माणसं, आणि त्यांना फुलांत बघायला आपण रात्रभर प्रवास करून बेंगळूरला जायचं, तेही राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं.

परत येताना गाडीत विचारलं, काय बघितलंत? बहुतेकांचं उत्तर, ‘गर्दी’. एकीनं मात्र विचारलं, ‘सर, झाडाला नंबर का ठोकलाय?’

त्या प्रश्नानं माझी पुढची सहल वाचली. साधी बाग आणि बॉटनिकल गार्डन यांत फरक असतो तो हजेरीपटाचा. फुलं दोन्हीकडं असतात. बॉटनिकल गार्डनमध्ये कुठलं झाड कुठून आलं, कधी लावलं, त्याचं शास्त्रीय नाव काय, हे कुठंतरी लिहून ठेवलेलं असतं. झाडावरचा नंबर कधी गणतीचा असतो, कधी त्या नोंदवहीतला. नावाची पाटी असेल तर त्यावर कुळ आणि मूळ देशही सापडतो. नावाच्या शेवटी नुसतं ‘एल’ दिसलं तर ते नाव लिनियसनं, म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत रुळवणाऱ्या शास्त्रज्ञानं, दिलेलं. हे एकदा सांगितलं की पोरं पाट्यांमागं धावतात, क्रिकेटपटूंची कार्डं जमवल्यासारखी.

आणि आपल्या सीमाभागातल्या मुलांना यातली गंमत जास्त कळते. घरी जांभूळ, गल्लीतल्या कन्नड मित्राकडं नेरळे, पाटीवर सिझिजियम क्युमिनी. आपला बिबळा तिकडं होन्ने, ऐन तो मत्ती, फणस तो हलस. माझ्या वर्गात ‘आमचं नाव खरं’ म्हणून भांडणं व्हायची, आणि नाव बिबळ्याचं काढलं की कुणीतरी हमखास बिब्बा समजायचं. (बिब्बा अंगावर उततो, बिबळा नाही. एवढा फरक पुरेसा आहे.) लॅटिन नाव कुणाच्याच घरचं नाही, म्हणून ते सगळ्यांना चालतं.

एक नाव मुद्दाम सांगतो. इंग्रजी पुस्तकांत ‘बेळगाम वॉलनट’ नावाचं झाड आहे. बेळगावात दहा जणांना विचारा, नऊ जण ‘माहीत नाही’ म्हणतील. आपण त्याला जंगली अक्रोड म्हणतो, पण ते अक्रोडाचं कुणी नव्हे, एरंडाच्या कुळातलं, आग्नेय आशियाकडचं. बी इतकं तेलकट की ओवून पेटवलं तर मेणबत्तीसारखं जळतं. ते आपल्या गावाच्या नावानं का ओळखलं जावं, यावर मुलांना डोकं खाजवू दे.

लालबागेत काय बघायचं? काचघर लांबून. टेकडीवरचा खडक जवळून, तो 300 कोटी वर्षांचा आहे आणि त्याच्यावर बसता येतं. जवळपास 2 कोटी वर्षांपूर्वीचं, दगड झालेलं झाडाचं खोड ठेवलंय, तेही. बाग 240 एकर आहे, एका दिवसात सगळी बघायच्या भानगडीत पडू नका. हैदर अलीनं 1760 मध्ये सुरू केली आणि टिपूनं बाहेरून झाडं आणवून वाढवली, एवढा इतिहास पोरांना बास. सुट्टीचा दिवस टाळा, उघडल्या उघडल्या आत शिरा.

पण खरं सांगू? पैसे आणि रात्र दोन्ही वाचवायचं असेल तर आधी कोल्हापूर करा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात देखावे नाहीत, सेल्फी नाहीत. तिथं प्राध्यापक एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या दुर्मिळ वनस्पती वाचवायचं काम केलंय, त्यात कंदीलपुष्पं आहेत, शास्त्रज्ञ ज्यांना सेरोपेजिया म्हणतात. फूल खरोखर कंदिलासारखं. आत शिरलेल्या चिलटाला नळीतले खाली वळलेले केस परत येऊ देत नाहीत. फूल शिळं झालं की केस गळपटतात आणि चिलट पराग घेऊन सुटतं. कंद खाता येतात, म्हणून लोकांनी उकरून खाल्ले, गुरांनी वेल खाल्ले, आणि काही जाती दिसेनाशा व्हायची वेळ आली. हे सांगताना माझ्या वर्गात कधी गडबड झाली नाही. पावसाळा संपताना जा, आधी परवानगी काढून.

आणि त्याहून आधी आपल्याच बेळगावातल्या ह्यूम पार्कात. बागायत खात्याचं फलपुष्प प्रदर्शन तिथं भरतं, मुलं चालून दमत नाहीत. वही आणि एक भिंग न्या. स्टॉलवर रोप घेतलंत तर त्याचं पूर्ण नाव लिहून मागा. मी मागे एका प्रदर्शनातून सीता अशोक म्हणून आणलेलं रोप शाळेसमोर लावलं. चार वर्षांनी कळलं, तो सरळसोट वाढणारा खोटा अशोक. पोरांनी त्याच्यावर पाटी लावली, खोट्या अशोकाचं खरं नाव लिहून.