“आता या वयात झेपेल का, मॅडम?”

एचआरचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय, पण वय निघून गेलं. ठाण्यातल्या माझ्या करिअर समुपदेशन केंद्रात नोकरदार मंडळी हे इतक्यांदा बोलून दाखवतात, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

वैशाली (नाव बदललं आहे) अडतीस वर्षांची. महापे एमआयडीसीतल्या कंपनीत हजेरी, पगार, पीएफ सगळं तीच बघते, हुद्दा मात्र ‘ॲडमिन असिस्टंट’. मुंबई विद्यापीठाचा मनुष्यबळ विकासाचा तीन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम तिने हेरून ठेवला होता. पहिल्या काही भेटी अडचणी ऐकण्यातच गेल्या. सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलीची दहावी, साहेबांचा स्वभाव.

“यातलं ‘नको’ कोण म्हणालं?” मी विचारलं.

ती घुटमळली. “तसं कोणीच नाही.”

“आणि म्हटलं असतं तर?”

“सुटले असते, मॅडम.”

मग बांध फुटला. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला लागलेली केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, तिने घरी कधीच सांगितली नव्हती. आता मुलीच्या डोळ्यांदेखत नापास झाले तर? वयाची तक्रार करणाऱ्या अनेकांच्या मनात अशी एखादी जुनी मार्कशीट दडलेली मी पाहिली आहे. नुसतं ‘शिकायला वय नसतं’ म्हणून धीर दिला, तर ती मार्कशीट तशीच राहते.

मी विषय तिच्या कामाकडे वळवला. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी 4 संहिता आल्या. तुमच्याकडे काय बदललं? ती सावरून बसली. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला वर्षभरानंतरही ग्रॅच्युइटी. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरची रक्कम वेतनात धरायची. न अडखळता तिने मला सगळं समजावलं.

“वर्गात हेच विचारतात,” मी म्हणाले. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. असा क्षण घडवता येणं हेच मी माझ्या कामाचं सार्थक मानते.

पुढचं काम वाटणीचं. मूल, विद्यार्थी, नोकरदार, गृहस्थ या भूमिका माणूस एकाच वेळी जगतो, ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांची 1980 मधली मांडणी मला फार मोलाची वाटते. एका भूमिकेचा वाटा वाढला की दुसरीचा उतरवावा लागतो. सासूबाईंची औषधं आणि डॉक्टर नवऱ्याने घेतले.

प्रवेश घेण्याआधी प्रत्येकाने पदवी विद्यापीठाची आहे की नुसता संस्थेचा डिप्लोमा, हे तपासावं. हजेरीची अट विचारावी. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत वाचन होईल, या भरवशावर वेळापत्रक आखू नये. आणि वर्गाच्या दिवशी वेळेवर निघण्याची परवानगी लेखी घ्यावी. साहेब बदलले की तोंडी शब्द हवेत विरतो.

वैशालीने तसा अर्ज दिला. साहेबांनी सही केली आणि करारावरच्या कामगारांच्या ग्रॅच्युइटीचा हिशोब तिच्याकडेच सोपवला.