स्पीड पूर्ण, तरी संध्याकाळी पिंग ३००? राउटर घ्यायच्या आधी अपलोड बघ

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि माझेच जुने दिवस आठवले. तू लिहिलंयस: जुळे सोलापूर, २०० एमबीपीएसचा प्लॅन, स्पीड टेस्टला आकडा पूर्ण, दुपारी व्हॅलोरंट गेमला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) २०-२२ आणि संध्याकाळी सातनंतर ३००. वर विचारतोयस, डीएनएस बदलू का, पोर्ट उघडू का, की सरळ गेमिंग राउटर घेऊ? या तिन्ही गोष्टी मी ह्याच क्रमानं केल्यात. तिन्ही वाया गेल्या.

आधीच सांगतो, मी काही नेटवर्कवाला नाही. आमचा टॉवेलचा धंदा, घराच्या मागेच यंत्रमागाची शेड. जे सांगतोय ते माझ्या घरातलं, तुझ्याकडे कारण वेगळंही निघू शकतं. पीसीला वायर लावलीयेस आणि गेममध्ये सर्व्हर मुंबईच निवडलायस, असं धरून चालतो. वायफायवर खेळत असशील तर पुढचं वाचूच नको, आधी वायर ओढ.

डीएनएस सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देतो, तिथं त्याचं काम संपलं. मॅच चालू असताना तो मध्ये नसतोच. पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचं दार. त्याचं म्हणशील तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर तुझा वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता बघ. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तू ऑपरेटरच्या सामायिक पत्त्यामागे आहेस, घरात कितीही पोर्ट उघड, बाहेरून दार बंदच. आणि उघडलं तरी पिंग त्यानं कमी होत नाही.

आता माझी चूक. पिंग उड्या मारायला लागला तसा मी ऑपरेटरच्या ऑफिसात गेलो. नाव घेत नाही, गावात राहायचंय. काउंटरवरच्या माणसानं मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली, "येतोय की ओ पूर्ण स्पीड" म्हणाला आणि वरचा प्लॅन गळ्यात मारला. १०० चे २०० झाले, २०० चे ३००. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले. पिंग तसाच. त्या बाबानं प्रत्येक वेळी फक्त वरचा, डाऊनलोडचा आकडा दाखवला. खालचा अपलोडचा, म्हणजे घरातून बाहेर जाणारा आकडा तिन्ही प्लॅनमध्ये १० एमबीपीएसच होता. मीही कधी पाहिला नाही, हे कबूल करतो. सगळ्यांकडे असं नसतं, बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये दोन्हीकडे सारखा स्पीड मिळतो. पण तुझा बघ.

त्या १० मध्ये शेडचे चार वायफाय कॅमेरे दिवसरात्र क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवत होते, प्रत्येकी साधारण २ एमबीपीएस. म्हणजे ८ गेले. संध्याकाळी सगळे घरी आले की पाच मोबाईल वायफायला लागायचे आणि फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर विचारूच नको, पोरांनी पाळण्यात बसून काढलेले व्हिडिओ रात्रभर वर चढत असायचे.

लाईन भरली की पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, लगेच फेकले जात नाहीत, ऑपरेटरनं बसवलेल्या डब्यात (मोडेम-राउटर) रांगेत थांबतात. रांगेत २५० किलोबाईट साठले आणि लाईन १० एमबीपीएसची असली तर शेवटच्याला २०० मिलिसेकंद थांबावं लागतं. हिशोब करून बघ. गेमचं पॅकेट बारकं असतं, पण रांग त्याला चुकत नाही. आपल्याकडं काही दिवसांनी नळाला पाणी आल्यावर पुढं लोकांनी पिंपं लावलेली असावीत आणि आपण तांब्या घेऊन मागं उभं, तसं. ह्या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात.

आणि मी काय केलं? सहा अँटेनांचा, लाल दिव्यांचा, साडेअकरा हजारांचा राउटर आणला. ऑपरेटरच्या डब्यामागे जोडला, माझा पीसी त्याला लावला, गेम मोड चालू केला आणि कॅमेरे नि घरातले मोबाईल मात्र जुन्या डब्याच्याच वायफायवर ठेवले. पासवर्ड बदलून सगळ्यांना परत कोण जोडून देत बसणार, म्हणून. म्हणजे नवा राउटर फक्त माझ्या पीसीवर राज्य करत होता, गर्दी त्याच्या हाताखाली नव्हतीच. हा आळस मला सगळ्यात महाग पडला. त्यानंतर कुणीतरी सांगितलं की जुना डबा ब्रिज मोडला टाकायला पाहिजे, म्हणजे तो नुसती लाईन पुढं देतो आणि सगळं काम नवा राउटर करतो. त्यासाठी पीपीपीओईचा, म्हणजे ऑपरेटरच्या कनेक्शनच्या लॉगिनचा पासवर्ड लागतो. तो मागायला सात-आठ खेपा घातल्या. साहेब नाहीत, सोमवारी या, तुम्हाला कशाला पाहिजे पासवर्ड, आमचा माणूस येईल. माणूस आला तो स्पीड टेस्ट करून चहा पिऊन गेला. वैतागून मी डब्याचं रीसेटचं बटण पिनेनं दाबलं. हे तू चुकूनही करू नकोस. आतली सगळी सेटिंग उडाली आणि तीन दिवस घरात नेटच नव्हतं. वडील काय बोलले ते इथं लिहीत नाही.

कारण सापडलं ते लाईट गेल्यामुळं. मे महिन्यात एका रात्री शेडची लाईट गेली, घराचं कनेक्शन वेगळं, ते चालू. शेडमधला पोरगा मोबाईल घेऊन गच्चीवर झोपायला गेलेला, घरचेही झोपलेले. मी खेळत बसलो होतो आणि पिंग १९ वर खिळ्यासारखा. तासाभरानं शेडची लाईट आली, कॅमेरे सुरू झाले. सहज म्हणून मोबाईलवरून एक मोठा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर टाकला आणि पिंग २८०. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

तू हेच मुद्दाम करून बघ. कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजमध्ये आदेश टाइप करायची काळी खिडकी) दोन खिडक्या उघड. एकीत राउटरला सतत पिंग लाव, दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ ला. मग मोबाईलवरून मोठी फाईल वर चढव. राउटरचा आकडा १-२ वर राहिला आणि दुसरा उडाला तर लाईन भरतेय. राउटरचाच उडाला तर घोळ तुझ्या वायरीत किंवा डब्यात आहे. घरात काहीच चालू नसतानाही संध्याकाळी दुसरा उडत असेल तर गर्दी ऑपरेटरच्या जाळ्यात किंवा त्याच्या पुढं आहे, मग तू घरात काहीही बदल, उपयोग शून्य. तेव्हा कंपनी बदलणं हाच उपाय, माझं स्पष्ट मत.

लाईन भरत असेल तर आधी फुकटचं कर. कॅमेऱ्यांचा बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) उतरव, रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर घे. ॲपमध्ये सोय असेल तर फोटो बॅकअप रात्री चार्जिंगला असतानाच होईल असं ठेव. माझं निम्मं दुखणं इथंच गेलं. उरलेल्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं फुकटचं सॉफ्टवेअर) चालणारा जुना छोटा राउटर घेतला, त्यात रांग सांभाळणारं एसक्यूएम टाकलं, त्यातली पद्धत 'केक' नावाची निवडली. अपलोड मोजून त्याच्या ८५ टक्के आकडा भरला, माझ्याकडे साडेआठ. थोडा स्पीड आपणहून सोडायचा, म्हणजे रांग ऑपरेटरच्या मठ्ठ डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तो तांब्यावाल्याला पुढं सोडतो. हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेट प्रोसेसरला वगळून थेट चिपमधून पाठवायची सेटिंग) मात्र बंद ठेव, नाहीतर पॅकेट एसक्यूएमला चुकवून जातात. डाऊनलोडला लावायचं असेल तर राउटरचा प्रोसेसर दमदार लागतो, छोट्या राउटरला ३०० झेपत नाही. मी फक्त अपलोडला लावलंय.

ब्रिज मोड मिळाला नाही तरी अडत नाही, हे मला फार उशिरा कळलं. घरातलं एकूण एक यंत्र तुझ्या राउटरमागे घे आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद कर, बास. मी आजही तसंच चालवतोय. आता संध्याकाळी २० ते २५ असतो. १० ची आशा धरू नकोस, मुंबई इथून चारशे किलोमीटर आहे आणि वायर काही सरळ रेषेत जात नाही.

जाता जाता, राउटर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला असशील तर खाली आण. एप्रिलमध्ये माझा हात लावता येत नव्हता इतका तापून आपोआप रीस्टार्ट व्हायचा.

सहा अँटेनांचा तो राउटर मावसभावाला अर्ध्या किमतीत दिला. त्याचा पिंग कमी झालाय असं तो म्हणतो, मी काही बोललो नाही. तू काही विकत घ्यायच्या आधी तुझा अपलोडचा आकडा आणि त्या दोन खिडक्यांचे फोटो इथं टाक, मग बघू.