मोहिमेतली लढाई टेबलावर मांडताना : क्वात्र ब्राचा डाव

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, चौघांच्या गटाने नेपोलियनची १८१५ ची बेल्जियममधील मोहीम युद्धखेळ म्हणून नकाशावर सुरू केली, १६ जूनला क्वात्र ब्राच्या चौकात दोन्ही सैन्यांची गाठ पडली, पण मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती, मांडून पाहता फ्रेंचांचे बळ दुपटीहून अधिक भरते, आणि म्हणून ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनची बाजू घेतलेला खेळाडू दोन्हीकडचे गुण, म्हणजे फौजेच्या ताकदीचे आकडे, सारखे करून मागतो आहे. माझे मत स्पष्ट आहे : गुण सारखे करू नयेत. सारख्या गुणांचा नियम एका संध्याकाळी मांडून त्याच संध्याकाळी संपणाऱ्या डावासाठी ठीक आहे. मोहिमेत मात्र टेबलावर दिसणारी विषमता ही आदल्या दोन दिवसांच्या कूचाची कमाई असते, आणि ती पुसून टाकली तर नकाशावर केलेल्या साऱ्या हालचाली फुकट जातात. बदलायला हवी ती जिंकण्याची व्याख्या.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. दुपारी दोनच्या सुमारास नेपोलियनचा मार्शल नेय याने हल्ला चढवला तेव्हा चौकाच्या रक्षणाला पेर्पोंशेरची डच डिव्हिजन, म्हणजे सुमारे ८,००० माणसे आणि १६ तोफा, एवढेच होते. तीनच्या सुमारास ब्रिटिश सेनानी पिक्टनची डिव्हिजन आली, मग ब्रन्सविक या जर्मन राज्याचे सैन्य आले, आणि संध्याकाळपर्यंत वेलिंग्टनकडे ३०,००० हून अधिक फौज जमून नेयलाच मागे सरावे लागले. तेव्हा या लढाईत बलवान कोण, हे घड्याळात किती वाजले यावर अवलंबून आहे. पंचाचे पहिले काम हेच, की नकाशावरच्या प्रत्येक तुकडीचे अंतर, रस्ता आणि निघण्याची वेळ मोजून ती टेबलावर कधी व कोणत्या कडेने येईल हे ठरवावे, त्यात फाशाने थोडा पुढेमागे फरक पडू द्यावा, आणि ते वेळापत्रक दोन्ही खेळाडूंपासून झाकून ठेवावे. इतिहासात पिक्टन तीनला आला म्हणून आपल्याकडेही तो तीनला यावा, असे मुळीच नाही. आपल्या नकाशावर तो अजून ब्रसेल्समध्ये बसला असेल तर त्या दिवशी तो येणार नाही, आणि ते दुःख त्याला तिथे बसवणाऱ्याने सोसावे.

याहून महत्त्वाची गोष्ट हुकुमांची. फ्रेंच सेनानी देर्लोंची कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनांची मिळून जवळपास २०,००० माणसे, त्या दिवशी क्वात्र ब्रा आणि लिन्यी (जिथे त्याच दिवशी नेपोलियन ब्ल्यूशरच्या प्रशियन सैन्याशी लढत होता) यांच्यामध्ये येरझारा घालत राहिली आणि दोन्हीपैकी एकाही लढाईत तिचा धड उपयोग झाला नाही. तिला नेपोलियनच्या बाजूला वळवण्यात आले, नेयने संतापून परत बोलावले, आणि मधल्या काळात लिन्यीजवळच्या फ्रेंचांना ती शत्रूचीच फौज वाटल्याने तिथला निर्णायक हल्लाही लांबला. आपल्या डावात नेपोलियन आणि नेय हे दोन वेगळे खेळाडू असतील तर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवावे. हुकूम लेखी घ्यावा, त्यावर वेळ टाकावी, आणि दोन रणांगणांमधले दहा-बारा किलोमीटर कापायला निरोप्याला लागणारा वेळ सोडून मगच तो पोहोचवावा. लेखी हुकूम व पंच यांची ही पद्धत प्रशियाच्या अधिकाऱ्यांनी १८२४ पासून ‘क्रीगश्पील’ या त्यांच्या युद्धखेळात वापरली होती, आणि तिला तोड नाही. टेबलाकडे वरून पाहत ‘माझी कोअर आता इकडे येते’ म्हणण्याची मुभा एकदा दिली की देर्लोंची फरफट कधीच घडणार नाही, आणि मग ही मोहीम खेळण्यात राम उरत नाही.

भूभागाबद्दल एकच सांगतो : त्या शेतांतली राय (गव्हासारखे एक धान्य) माणसाच्या उंचीची होती. म्हणून जवळ येईपर्यंत पलटणी टेबलावर न मांडता चिठ्ठ्यांनीच दाखवाव्यात. प्रमाण काय धरायचे हा वाद फार लांबवू नये. ६०० जणांच्या पलटणीला १२ प्रतिकृती पुरतात, आणि अर्ध्या तासाची एक खेळी धरली तर दोनपासून अंधार पडेपर्यंत साधारण चौदा खेळ्या होतात.

आता थांबण्याविषयी. मोहिमेबाहेरच्या सुट्या डावात खेळाडू शेवटची प्रतिकृती पडेपर्यंत झुंजतो, कारण त्याला उद्या नसतो. मोहिमेत त्याला उद्याची भीती हवी, आणि ती नुकसानीच्या हिशोबातून येते. टेबलावरून उचललेली प्रत्येक प्रतिकृती म्हणजे मेलेली माणसे नव्हेत. त्यांत जखमी, पांगलेले, जखमींना मागे नेण्याच्या निमित्ताने सटकलेले असे सगळे असतात. आमच्या गटात मैदान राखणाऱ्याला त्यांपैकी निम्मी दुसऱ्या सकाळी परत मिळतात, मैदान सोडणाऱ्याला फक्त चौथा हिस्सा, आणि फळी मोडून पळालेल्या ब्रिगेडला काहीच मिळत नाही. हा नियम कडक वाटेल, पण लिन्यीच्या रात्री ठार-जखमींखेरीज सुमारे ८,००० प्रशियन सैनिक लिएजच्या दिशेने निघून गेले होते, हे ध्यानात घ्यावे. वेळीच आणि शिस्तीने माघार घेणाऱ्याला मात्र बक्षीस हवे : पिछाडीला एक ब्रिगेड ठेवून जो निघतो त्याचा पाठलाग फक्त ताज्या घोडदळानेच करता यावा, आणि अंधार पडल्यावर तोही नाही. जिंकणारा लगेच पाठलाग करू शकतोच असे नसते, याचा दाखला आपल्या जालन्याजवळच्या असईतही आहे. १८०३ मध्ये याच वेलिंग्टनची, तेव्हाच्या वेलस्लीची, जिंकलेली फौज इतकी थकली होती आणि तिच्यात जखमी इतके होते की शिंद्यांच्या सैन्याचा माग तिला तत्काळ काढता आला नाही.

जयापजयाचा निवाडा पंचाने नकाशावरूनच करावा. नेयला चौक घेता आला नाही, तरी त्याने वेलिंग्टनला दिवसभर गुंतवून ठेवले आणि ब्ल्यूशरला त्याच्याकडून कुमक मिळू दिली नाही. टेबलावरची ही बरोबरी मोहिमेत फ्रेंचांच्या पथ्यावर पडली. उलट पेर्पोंशेरच्या जागी असलेल्या खेळाडूने अर्धी डिव्हिजन गमावूनही पिक्टन येईपर्यंत चौक धरला, तर तोच त्या तासाचा विजेता. हे दोघांनाही डावाआधी सांगावे, म्हणजे गुणांची तक्रार बहुधा उरत नाही.

शेवटची खेळी झाली की लगेच दुसऱ्या दिवसाचा नकाशा उघडू नये. प्रत्येकाकडून रात्रीचा हुकूम लिहून घ्यावा, आणि शेजारच्या रणांगणाची बातमी कोणालाही फुकट देऊ नये. ब्ल्यूशर लिन्यीला हरून वाव्र गावाकडे हटला हे वेलिंग्टनला १७ जूनच्या सकाळी, तेही त्याने माणूस पाठवून चौकशी केल्यावर कळले. आपल्या वेलिंग्टनने घोडेस्वार पाठवला नसेल, तर सकाळी त्याला चौकातच बसू द्यावे.