बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याची अंडी ६२ दिवस झाले तरी फुटली नाहीत. एक अंडं कापून पाहू का?

नका कापू. आज नको आणि चार दिवसांनीही नको. तुम्ही लिहिलंय की अठरातली चौदा अंडी अजून पांढरी आणि टपोरी आहेत, वास नाही, बुरशी नाही. मग घाबरायचं काही कारण नाही. खराब झालेलं अंडं लपून राहत नाही. ते पिवळं पडतं, खपाटीला जातं, त्यावर करडी-हिरवी बुरशी चढते आणि डबा उघडताच वास येतो.

इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी ते केलं आहे. नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरी पहिल्यांदा अंडी आली तेव्हा मीही कुठेतरी '६० दिवस' वाचून कॅलेंडरवर खुणा करत बसलो होतो. ६१व्या दिवशी धीर सुटला आणि नव्या ब्लेडने एक अंडं हळूच चिरलं. आत पूर्ण घडलेलं पिल्लू होतं. बोटाच्या दोन पेरांएवढं, डोळे मिटलेले, हनुवटीखालचे बारीक काटेसुद्धा दिसत होते. पोटाला वाटाण्याएवढा पिवळा बलक अजून लटकलेला होता. तासभर त्याची छाती हलत होती, मग थांबली. उरलेली अकरा पिल्लं ७१ ते ७४व्या दिवशी आपली आपण बाहेर आली. तेही आलं असतं.

चूक कॅलेंडरची होती. या अंड्यांचा हिशेब दिवसांवर चालत नाही, उष्णतेवर चालतो. डब्यात ३० अंश असेल तर साधारण ५५ ते ६० दिवस, २८ असेल तर सत्तरच्याही पुढे. माझं थर्मामीटर २८ दाखवत होतं आणि मी ३० अंशांचे दिवस मोजत होतो. तुम्ही फक्त दिवस लिहिलेत, तापमान लिहिलंच नाही, म्हणून मला वाटतं तुमचंही तेच होतंय.

लवकर व्हावं म्हणून उष्णता वाढवायचा मोह होईल. तो टाळा. या जातीत ३२ अंशांच्या वर एक वेगळीच गोष्ट घडते. गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी म्हणून वाढू लागतात. ऑस्ट्रेलिया हा यांचा मूळ देश. तिथल्या संशोधकांना मोकळ्या रानातही अशा माद्या सापडल्या आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आणखी वर गेलं तर नर-मादी दूरच, पिल्लू आतच दगावतं.

आपल्या नागपुरात खरी अडचण इथेच आहे. बहुतेक माहितीत अंडी उबदार कशी ठेवायची ते असतं. आपल्याला मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, ती थंड ठेवायची असतात. कूलरसमोर डबा ठेवू नका, दुपारी ३२ आणि पहाटे २५ असा झोका बसतो. मी मासळीवाल्याकडून थर्मोकोलचा जाड डबा आणला, अंड्यांचा प्लास्टिकचा डबा त्यात ठेवला आणि तो आईच्या एसीच्या खोलीत पलंगाखाली सरकवला. दुपारी लाईट गेली की फ्रीजमधली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून थर्मोकोलच्या कोपऱ्यात ठेवायची. टॉवेल हवाच, कारण बाटलीला सुटलेलं पाणी अंड्यांवर पडता कामा नये. अंडी ज्यात ठेवतो ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं हलकं खनिज, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण थेंब गळू नये, इतकाच ओलावा पुरे.

आमच्या आजीला हा सगळा प्रकार पटत नव्हता. "कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटते, तुह्यं काय दोन-अडीच महिने चालून राह्यलं? अन् कोंबडी तं अंडे फिरवत राह्यते, तू काहून नाही फिरवत?" प्रश्न अगदी बरोबर होता. कोंबडीची अंडी फिरवली नाहीत तर आतला गर्भ कवचाला चिकटतो, म्हणून ती फिरवायची. सरड्यांच्या अंड्यात उलट आहे. घातल्यानंतर एक-दोन दिवसांतच गर्भ वरच्या बाजूला आतल्या पडद्याला धरून बसतो आणि त्याने तसंच राहायचं असतं. अंडं उलटलं तर गर्भ बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून मी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने ठिपका काढतो. तुम्ही काढला नसेल तर आज काढा, अंडी जागची न हलवता.

पाहिल्याशिवाय राहवत नसेल तर रात्री दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या बाजूला टेकवा. सुरुवातीला गुलाबी आणि लाल शिरा दिसतात. तुमच्या टप्प्यावर आतलं बहुतेक काळं दिसेल, कारण पिल्लाने जागा व्यापलेली असते. हे आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नाही. मी रोज बघायचो, आणि दर वेळी झाकण उघडलं की तापमान दीड-दोन अंशांनी हलायचं.

वेळ जवळ आली की अंडंच कळवतं. टपोरं अंडं एकदम चेपतं, वरून घाम फुटल्यासारखे थेंब दिसतात. पहिल्यांदा ते पाहून मला वाटलं होतं, सगळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका अंड्याला उभी चीर होती आणि तिच्यातून नाक बाहेर आलेलं होतं. नाक काढून पिल्लू तसंच चोवीस तास, कधी त्याहून जास्त, बसून राहतं. आईने विचारलं, अडकलं का रे? अडकलेलं नसतं. उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. तेव्हाही हात लावायचा नाही. बाहेर आल्यावर एक-दोन दिवस त्याने काही खाल्लं नाही तरी चालतं.

डब्यातलं तापमान दुपारी किती आणि पहाटे किती, ते लिहा. मग तुमचे दिवस अंदाजे मोजून सांगतो.