बडोद्याजवळ दोन दिवसांची, कमी वर्दळीची डोंगरवाट कशी आखावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बडोद्यात शिकणारे तिघे मित्र, पाठीवर सामान घेऊन पहिल्यांदाच निघताय, हातात दोन दिवस आणि एक रात्र. सह्याद्रीत जायला सुट्टी पुरत नाही. गर्दी नको, गेलेल्याच वाटेने परतणं नको, जमलं तर तंबू लावायचाय. आणि हे सगळं ऑक्टोबरमध्ये.

माझं उत्तर बडोद्याजवळचाच डोंगरी किल्ला, पावागड. नाक मुरडू नका. आपल्यापैकी बहुतेकांनी पावागड दहा वेळा 'केलेला' असतो, म्हणजे एसटीने डोंगराच्या मधल्या सपाटीपर्यंत, माचीपर्यंत, तिथून रोपवे, माथ्यावर कालिकामातेचं दर्शन, नारळ आणि संध्याकाळी परत बडोद्यात, रावपुऱ्यात सेव-उसळ. पायथ्याच्या चांपानेरपासून माचीपर्यंत पायी चढलेला माणूस मात्र मला आमच्या अख्ख्या वाड्यात सापडला नाही. जुनी वाट तिथेच आहे. मोटाररस्ता झाला आणि तिच्यावरची वर्दळ आटली, एवढंच.

आधी ऑक्टोबर खोडून टाका. आसो म्हणजे आश्विन नवरात्रात माचीवर पाय ठेवायला जागा नसते. नवरात्र संपली की उन्हाचा चटका, आणि त्यानंतर दिवाळीची सुट्टी लागते. लाभपाचम, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमी, उलटून जाऊ द्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत कुठलाही मंगळवार-बुधवार धरा. रविवार, पौर्णिमा आणि चैत्र नवरात्र टाळा. पावसाळ्यात डोंगर दिसतो देखणा, पण जुन्या पायऱ्यांवर शेवाळ साचतं आणि सपाटीत एकटा उभा असलेला हा डोंगर विजा ओढून घेतो. पहिल्या खेपेला ते नकोच.

तंबूचाही नाद सोडा. चांपानेर-पावागड 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या वास्तू पुरातत्त्व खात्याकडे, रान वनखात्याकडे. तिथे तंबू ठोकून चूल पेटवणं बसत नाही आणि शोभतही नाही. मुक्काम माचीवर धर्मशाळेत किंवा लॉजमध्ये करा. तंबूशिवाय ट्रेक झालाच नाही असं वाटत असेल, तर पुढे जांबुघोडा अभयारण्यात कडा आणि धनपरी इथे वनखात्याची शिबिरस्थळं आहेत, आधी बुकिंग करून जा. तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. रात्री भटकायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. नवखी मंडळी प्लॅन करताना किलोमीटर मोजतात. पावागडावर किलोमीटर फसवतात. अंतर थोडं आहे, पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत सातशे मीटरच्या आसपास चढ आहे, आणि पाठीवर सात किलो घेऊन तो चढताना फरक कळतो. माझी पद्धत दरवाजांची आहे. किल्ला बांधणाऱ्यांनी दरवाजे उगाच कुठेही घातलेले नाहीत. वाट अरुंद होते, चढ अंगावर येतो, तिथे दरवाजा. त्याच्या वर थोडी सपाटी, आणि सपाटीवर पाण्याची सोय. म्हणजे कुठे धाप लागेल आणि कुठे बसायला मिळेल, हे त्यांनी आपल्या पाचशे वर्षं आधी आखून ठेवलंय. अटक दरवाजा, मग बुढिया दरवाजा, असे टप्पे कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर 'इथे इतक्या वाजता' असं लिहा. ठरल्या वेळेपेक्षा तासभर मागे पडलात, तर पुढचं काहीतरी कापा. काय कापायचं तेही घरीच ठरवून ठेवा, कारण डोंगरावर ठरवायला बसलं की तिघांची तीन मतं होतात.

पहिला दिवस. पहाटेची एसटी घ्या. पन्नासएक किलोमीटर, दीड-एक तास. हालोल मागे पडलं की डोंगर समोर एकदम उभा राहतो. सह्याद्रीसारखा हाही ज्वालामुखीतूनच झालाय, पण नेहमीच्या काळ्या बेसाल्टबरोबर इथे ऱ्हायोलाइट नावाचा फिकट, कडक खडक आहे. वरचे कडे असे ताशीव दिसतात ते त्यामुळे. चांपानेरला उतरून जामा मशिदीत रमू नका, ती परतताना बघा. कोटाच्या आत कुणालाही 'माची जवानो जूनो रस्तो' विचारा. मध्येमध्ये ही वाट मोटाररस्त्याला येऊन भिडते. तिथे जीपवाले हाका मारतील, हसून पुढे जा.

साडेसातला चढायला लागलात तर अकरापर्यंत आरामात माची. खोलीत सामान टाका, जेवा, पाय पसरा. तीननंतर फक्त पाणी, टॉर्च आणि काठी घेऊन सात कमान आणि भद्रकालीच्या देवळाच्या बाजूला जा. सात कमानीतल्या सहाच आता उभ्या आहेत. कड्याच्या टोकाशी नुसत्या दगडी कमानी आणि त्यांच्यातून खाली पसरलेली सपाटी. या दोन दिवसांतली सगळ्यात शांत जागा हीच. गुजरातचा सुलतान मेहमूद बेगडा याने वीस महिने वेढा घालून 1484 मध्ये हा गड घेतला. त्या कमानीत बसलं की वीस महिने का लागले ते कळतं. आणि हो, हा सगळा मुलूख, पंचमहाल, 1861 मध्ये इंग्रजांकडे गेला तोवर हा गड ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा होता. आपण बडोद्याचे मराठी लोक रायगडाच्या गोष्टी सांगतो आणि घरच्या खिडकीतला हा गड विसरतो.

अंधार पडायच्या अर्धा तास आधी माचीवर परत. हा नियम मी अनुभवातून शिकलोय. एका वर्षी मित्र म्हणाला, खाली एक जवळची वाट आहे, मला माहितीये. पंधरा मिनिटांत आम्ही कमरेइतक्या घाणेरीत अडकलो, चौघांत मिळून एक टॉर्च, आणि पुढे कडा. गवताचा भारा घेऊन निघालेल्या एका बाईंनी वरून ओरडून सांगितलं, 'त्यां रस्तो नथी, भाई, पाछा वळो.' मागे वळून माचीवर पोचायला दोन तास लागले. मित्राशी मी आठवडाभर बोललो नाही, पण खरं म्हणजे चूक माझी होती. वाट माहीत नसताना मी 'हो' म्हणालो होतो.

दुसरा दिवस. पहाटे पाचला माचीवरून पायऱ्यांनी निघा. दोन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या वेळी चढणारे भाविक मनापासून आलेले असतात, त्यांची सोबत बरी वाटते. वर दर्शन घ्या, मग दुधिया तलावाशी या, जैन मंदिरं बघा आणि पठारावरून नवलखा कोठारापर्यंत जाऊन या. घुमटांचं हे धान्याचं कोठार कड्याला लागून आहे आणि रोपवेची गर्दी तिथवर फारशी फिरकत नाही. विश्वामित्रीचा उगम याच डोंगरातला. 2024 च्या ऑगस्टमध्ये जिने शहर बुडवलं आणि मगरी रस्त्यावर आणल्या, तीच नदी. वरून ती कुठल्या बाजूला निघाली असेल ते शोधत बसायला मला आवडतं.

नऊपर्यंत खाली निघा आणि माचीवरून मोटाररस्त्याने पाच किलोमीटर उतरून चांपानेर. हा काटेकोर गोल नाही, मान्य. फुग्याला दोरी असते तसा आकार आहे, आणि माची ते माथा पायऱ्या दोनदा होतात. पण चढण्याची वाट वेगळी, उतरण्याची वेगळी. गुडघे कुरकुरले तर माचीवरून बस पकडा. मी तरी हल्ली पकडतो.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही यादी करालच. फक्त पाणी: प्रत्येकी तीन लिटर भरून निघा, माचीवर पुन्हा भरा. तलावांचं पाणी पिऊ नका. पाठीवर सहा-सात किलोंच्या वर काही नको, आणि नवे बूट घालून तर अजिबात जाऊ नका. खायला दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. पुडे सॅकच्या आत ठेवा, हातात दिसला की माकडं नेतात. कड्यांना मधमाश्यांची पोळी दिसली तर आवाज करू नका, सिगरेट पेटवू नका आणि अंगावर अत्तर फवारून येऊ नका. टॉर्च प्रत्येकाची वेगळी. हे का लिहिलंय ते वर वाचलंतच.

घरी कुणाला तरी तुमची दरवाजे आणि वेळांची चिठ्ठी देऊन जा. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, त्याआधी नाही, असं आईशी ठरवून घ्या. माझी आई अजूनही दीडलाच फोन करते.